काकांबद्दल दिलेला जबाब

तुमचे आजोबा सरकारी नोकरीत इंजिनिअर होते, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर काही काळ ते आणि मी, दोघंही, नोएडातल्या एका ठेकेदाराच्या कंपनीत कामाला होतो, हे आपल्या घरात कुणी बोलत नाही. सरकारी इमारतींत पाण्याचे पंप बसवायचे, विजेच्या तारा ओढायच्या आणि मग त्यांची देखभाल करायची, असे ठेके ती कंपनी घ्यायची. तुमच्या आईला सगळं माहीत आहे. पण ती सांगायला लागली की मध्येच थांबते आणि विषय बदलते. म्हणून मी लिहिते आहे, क्रमाने.

आधी काका कोण ते सांगायला हवं. ते आपले नातेवाईक नव्हेत. विदर्भातल्या एका लहान गावातून नोकरी लागून दिल्लीला आलेला एक मुलगा आजोबांच्या हाताखाली रुजू झाला. मुनिरक्यात त्याने एक खोली भाड्याने घेतली होती. तिची खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत हाताला लागायची. हिंदीची बोंब. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने घरमालकाला सांगितलं, "पंखा लगाव, बहुत उकड रहा है," आणि मालकाला वाटलं, पोरगं पंखा उखडायला निघालंय. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा. आमचं सरकारी क्वार्टर तिथून जवळ होतं. आजोबा एका रविवारी त्याला जेवायला घेऊन आले, आणि मग तो दर रविवारी यायला लागला. तुमच्या आईला सायकल त्याने शिकवली, तिच्या मराठीतल्या चुका त्याने काढल्या. पोरं त्याला काका म्हणायची, म्हणून इथेही मी काकाच म्हणते. पुढे त्यांचं लग्न झालं, काकू आल्या, त्यांनाही त्याच कॉलनीत क्वार्टर मिळालं.

ऑफिसात काका आजोबांना 'साहेब' म्हणायचे आणि घरी 'दादा'. ही सीमा त्यांनी कधी ओलांडली नाही. मात्र दोन्हीकडे बोलणं मराठीतच. चारचा चहा झाला की आजोबांच्या खोलीतून मोठमोठ्याने मराठी ऐकू यायची आणि बाकीचे लोक म्हणायचे, "लो, महाराष्ट्र मंडल शुरू हो गया."

आजोबांकडून काका पुष्कळ शिकले, आणि त्यातली एक गोष्ट दिवाळीची होती. दिवाळीच्या आठवड्यात ठेकेदार अधिकाऱ्यांच्या घरी मिठाईचे, सुक्यामेव्याचे डबे घेऊन फिरायचे. कॉलनीत कोणाच्या दारात कोणती गाडी थांबली, हे सगळे पडद्याआडून बघायचे. आजोबा डब्याला हातसुद्धा लावायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून दारात उभे राहायचे आणि अगदी गोड आवाजात म्हणायचे, "शुभकामनाएँ पहुँच गईं. डिब्बा वापस." तुमची आई पिस्त्याच्या बर्फीसाठी भोकाड पसरायची. एका वर्षी एक जण काकांच्या उंबऱ्यावर डबा ठेवून पळाला, तर काका पायजम्यावर स्कूटर काढून त्याच्या मागे गेले आणि त्याला पेट्रोलपंपावर गाठून डबा परत दिला. आजोबा हसून हसून बेजार झाले. मग म्हणाले, "हा माझ्याही पुढे जाणार."

आजोबा निवृत्त झाले तो काळ सगळं मोकळं होण्याचा होता. नवी गाडी, नवा टीव्ही, नवी बँक, रोज काहीतरी नवं. खात्याची स्वतःची माणसं जी कामं करायची ती आता बाहेरच्या कंपन्यांना दिली जाऊ लागली होती. क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आलो. सेक्टरला नंबर होता, रस्त्याला झाडं नव्हती. संध्याकाळी वीज गेली की सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी. आजोबांना घरात काही सुचेना. सकाळी उठून सोसायटीचा पंप तपासायला जायचे. शेवटी सेक्रेटरीने हात जोडले, "अंकलजी, पंप ठीक है. आप चाय पीजिए."

अशात एक दिवस त्या कंपनीचे मालक घरी आले. आजोबा नाहीच म्हणत होते. मालक म्हणाले, "साहब, आपको किसी दफ़्तर के चक्कर नहीं काटने. बस ड्रॉइंग देखनी है. मेरे लड़कों को कुछ सिखा दीजिए." या शेवटच्या वाक्याने आजोबा विरघळले. कोणाला शिकवायचं म्हटलं की ते तयार. मालकांनी बोलता बोलता एका सरकारी ऑफिसला द्यायचं पत्र दाखवलं. मी चहा ठेवताना त्यातलं एक वाक्य दुरुस्त केलं. माझं एम.ए. इंग्रजीत झालेलं, पण ते आजवर फक्त तुमच्या आईच्या निबंधांना उपयोगी पडलं होतं. मालकांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मैडम, आप भी आ जाइए ना." अशी माझी पहिली नोकरी पन्नाशी उलटल्यावर लागली.

खरं सांगते, सुरुवातीचे महिने छान गेले. एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालच्या यंत्रांनी टेबल सतत थरथरायचं. टेंडरची कागदपत्रं तयार करणं माझं काम. प्रत्येक पानावर सही आणि शिक्का, खाडाखोड असेल तर तिथे वेगळी सही, मग एका पाकिटात दुसरं पाकीट आणि वर लाखेची मोहर. मेणबत्तीवर लाख वितळवून नेमका थेंब पाडायला मला फार आवडायचं. अकाउंटंट रोज रेल्वेने पानिपतहून यायचे. मी मराठी आहे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मैडम, इस बार आप लोग नोएडा तक ही रुक गए? हमारे यहाँ नहीं आए?" मी म्हटलं, "तुमच्याकडचा अनुभव फार चांगला नाही आमचा." ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला. पुढे माझ्यासाठी पानिपतहून एक खेस, म्हणजे तिकडची जाड सुती चादर, आणला त्यांनी. तो अजून माझ्या पलंगावर आहे.

रविवारी काका, काकू आणि त्यांची मुलगी यमुना नदी ओलांडून आमच्याकडे यायचे. कंपनीचं नाव त्यांना माहीत होतं, पण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. काका तेव्हा दुसऱ्याच विभागात होते.

मग काकांची बढती झाली. ज्या विभागात मोठ्या इमारतीचं पंपांचं काम निघालं होतं, त्या विभागाच्या मुख्य खुर्चीवर ते बसले. टेंडर उघडलं आणि सर्वांत कमी भाव आमच्या कंपनीचा निघाला. रीतीप्रमाणे काकांनी एका छापील प्रतिज्ञेवर सही केली होती, की या कंपनीतल्या कोणाशीही माझे नातेसंबंध नाहीत. नातेसंबंध नव्हतेच. रक्ताचं काही नव्हतं. सही करताना त्यांच्या मनात आजोबा आलेही नसतील. आजोबा म्हणजे कंपनी, असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

मालकांनी मात्र धरलं होतं. ते आजोबांना सांगू लागले, "साहब, एक बार मिल आइए. आपका तो घर का आदमी है."

आजोबा म्हणाले, "घर का है, इसीलिए नहीं जाऊँगा."

पण शेवटी एकदा जावं लागलं. पंपांखालचा काँक्रीटचा पाया काकांच्या ऑफिसने नापास केला होता आणि कंपनीकडून जाणकार माणूस पाठवा असं लेखी कळवलं होतं. असा माणूस एकच होता. ड्रॉइंग आणि पत्रव्यवहार घेऊन मी त्यांच्याबरोबर गेले.

ते आजोबांचंच जुनं ऑफिस. तोच जिना, तीच भिंतीवरची पानाची पिंक. दारावरच्या चपराशाने आजोबांना ओळखलं, वाकून नमस्कार केला, मुलीबद्दल विचारलं. मग दार किलकिलं करून आत सांगितलं, "सर, पार्टी आई है."

सरकारी ऑफिसात ठेकेदाराच्या माणसाला पार्टी म्हणतात. त्या बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कोणीही आलं असतं तरी त्याने हेच म्हटलं असतं. आजोबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. आम्ही बाकावर बसलो. आत बोलावणं यायला बराच वेळ लागला. जाणारे-येणारे जुने लोक आधी हसायचे, मग आजोबांच्या मांडीवरची कंपनीची फाईल बघायचे, आणि घाईत असल्यासारखे पुढे जायचे.

आत काकांच्या समोर दोन कारकून बसले होते. काका अर्धवट उठले आणि परत बसले.

"बैठिए," ते म्हणाले. "फ़ाउंडेशन के बारे में आपको क्या कहना है?"

इतक्या वर्षांत या दोघांना मी एकमेकांशी हिंदीत बोलताना ऐकलं नव्हतं. आजोबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि हिंदीतच उत्तर द्यायला सुरुवात केली. पाया खरंच कच्चा होता. आजोबांनी तो कंपनीतही नापासच केला होता, आणि तसंच सांगितलं.

"जो कहना है, लिखित में दे दीजिए."

"जी," आजोबा म्हणाले.

काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या गालावरचा स्नायू हलत होता. ते पोरसवदा होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते. ताप चढला की तो तसा हलायचा.

बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "बरोबर बोलला. मराठीत बोलला असता तर त्या कारकुनांना वाटलं असतं, आपल्या भाषेत काहीतरी ठरवतायत."

"निदान 'दादा' तरी—"

"तिथे कसं म्हणेल? मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. पण परतीच्या बसमध्ये ते सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होते आणि आमचा स्टॉप आला तरी उठले नाहीत. मला त्यांना हात लावून उठवावं लागलं.

त्यानंतर काका रविवारी यायचे बंद झाले. काही भांडण नाही, निरोप नाही, फोन नाही. दोन-तीन रविवार आजोबा पेपर घेऊन गॅलरीत बसले. मग तेही आत बसू लागले. मी एकदा म्हटलं, मी काकूंना फोन करते. ते म्हणाले, "नको. काम चालू आहे तोवर त्याला अडचणीत टाकू नकोस. काम संपलं की येईल."

दिवाळी आली. फराळाची देवाणघेवाण आमच्यात कधी चुकली नव्हती. काकूंना माझ्या करंज्या हव्या असायच्या, मला त्यांचे अनारसे. आम्ही दोघांनी बसून विचार केला, आणि आमचं एकमत झालं की घरचा फराळ म्हणजे काही ठेकेदाराची मिठाई नव्हे. स्टीलचा नेहमीचा डबा घेऊन आम्ही त्यांच्या क्वार्टरवर गेलो.

काकूंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगंबाई, वहिनी! या ना, आत या—" एवढ्यात काका बाहेर आले. समोरच्या क्वार्टरचं दार उघडं होतं, तिथे कोणीतरी पाहुणे चपला काढत होते. जिन्यावर शेजारची मुलं फुलबाज्या लावत होती, त्यांचे वडील उभे होते. काका उंबऱ्यातच थांबले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

त्यांचे डोळे भरले होते.

आजोबांनी माझ्या हातातला डबा आपल्या हातात घेतला. म्हणाले, "बरोबर आहे. चल." जिना उतरताना काकूंचा आवाज ऐकू आला, "अहो, निदान पाणी तरी—" आणि दार लागलं.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी आजोबांनी मालकांपुढे राजीनामा ठेवला. मालक रागावले नाहीत. उलट त्यांना वाईटच वाटलं. म्हणाले, "साहब, ड्रॉइंग देखने वाले तो बहुत मिल जाते हैं. मैंने तो आपको इसलिए रखा था कि वो लड़का एक दिन उस कुर्सी पर बैठेगा. आप बैठे रहिए, कुछ मत कीजिए. बाहर लोगों को पता है कि आप मेरे यहाँ हैं, इतना काफ़ी है."

आजोबा आपल्या टेबलावरची पट्टी, पेन्सिली गोळा करू लागले. मीही माझी पर्स उचलली. अकाउंटंट जिन्यापर्यंत पोचवायला आले. मग आजोबांच्या हातातली पिशवी धरून ते खालपर्यंत उतरले.

आम्हाला वाटलं, संपलं. आता कंपनी नाही, तर अडचणही नाही. काकांना माझी मटारची उसळ फार आवडायची. आजोबांनी मला रविवारसाठी मटार आणायला सांगितले. म्हणजे त्यांच्या मनात काय होतं ते मी समजले.

आणि तेव्हाच काकांविरुद्ध निनावी तक्रार गेली. टेंडर न मिळालेल्या कोणीतरी केली असावी. त्यात लिहिलं होतं की हा अधिकारी आणि कंपनीचा सल्लागार एकाच प्रांताचे, घरोब्याचे, एकमेकांच्या घरी जेवणारे. आणि दिवाळीला सल्लागार सपत्नीक डबा घेऊन अधिकाऱ्याच्या दारी गेला होता. डबा परत आला हे त्यात नव्हतं. काकांची पुढची बढती थांबली, चौकशी बसली, आणि आजोबांना जबाब द्यायला बोलावणं आलं. प्रश्न एकच होता. या अधिकाऱ्याशी तुमचे संबंध काय?

आजोबांनी जेवणाच्या टेबलावर बसून जबाब इंग्रजीत लिहिला आणि नेहमीप्रमाणे भाषा तपासायला माझ्याकडे दिला. त्यात लिहिलं होतं, की सदर अधिकारी काही काळ माझ्या हाताखाली होते. इतर सहकाऱ्यांना ओळखतो तितपतच मी त्यांना ओळखतो. आमचे वैयक्तिक संबंध कधीच नव्हते. दिवाळीचा शिष्टाचार म्हणून मी अनेकांकडे जातो तसा गेलो, त्यांनी काही स्वीकारलं नाही.

मी म्हटलं, "भाषेत काही चूक नाही. पण हे खोटं आहे."

"हो."

"आयुष्यात एक खोटी सही केली नाहीत तुम्ही."

"त्याने प्रतिज्ञेवर सही केली आहे, नातेसंबंध नाहीत म्हणून. मी भावासारखा आहे असं लिहिलं तर ते त्यालाच नातं म्हणतील आणि त्याची सही खोटी ठरेल. नोकरी जाईल त्याची." त्यांनी कागद परत घेतला. "मी निवृत्त माणूस. माझं काय जातंय?"

त्यांचं काय गेलं ते मला नंतर कळलं. चौकशी वर्षभर रेंगाळली. काका निर्दोष सुटले, बढतीही मिळाली. पेढे आणावेत म्हणून मी पर्स काढली, तर आजोबा म्हणाले, "कशाला? आपला काय संबंध?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. "मी सही करून दिलं आहे की त्याच्याशी माझे संबंध नाहीत. आता रविवारी तो इथे येऊन जेवायला लागला तर त्या कागदाला काय अर्थ राहिला? एकदा खोटं लिहिलं, इलाज नव्हता. निदान आता ते खरं तरी करू दे मला."

मी भांडले. तुमच्या आईने फोनवरून समजावलं, रडली. काही उपयोग झाला नाही. काकूंनी मुलीच्या वाढदिवसाची, मग नव्या घराची आमंत्रणं पाठवली. आजोबा ती वाचायचे, घडी घालायचे आणि मला म्हणायचे, "तू जा हवं तर." मी एकटी कशी जाणार होते?

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, सोसायटीच्या गेटवरून गार्डचा फोन आला. "मैडम, कोई साहब आए हैं. कह रहे हैं, दादा से मिलना है." मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि पेपर चेहऱ्यासमोर धरला.

वीज नव्हती, लिफ्ट बंद. मी जिन्याने खाली गेले. काका गेटपाशी गार्डच्या खोलीच्या सावलीत उभे होते. डोक्याचे केस विरळ झालेले, हातात काही नाही. माझ्या पाया पडले.

"दादा घरी आहेत ना, वहिनी?"

"आहेत."

ते काय समजायचं ते समजले. "बरे आहेत?"

"रक्तदाब वाढलाय. औषधं चालू आहेत."

"मीठ कमी करायला सांगा. ऐकणार नाहीत, पण सांगा." मग म्हणाले, "माझी बदली झालीय, गुवाहाटीला. परवा निघतोय. एवढंच सांगायचं होतं."

"वर चला तुम्ही. माझ्याबरोबर चला. बघू काय करतात ते."

त्यांनी वर, आमच्या मजल्याकडे पाहिलं. "नको, वहिनी. त्यांनी माझ्यासाठीच लिहून दिलंय ते. मी कसा मोडू?" आणि ते वळले.

मी वर आले तेव्हा आजोबा तसेच पेपर धरून बसले होते. पेपरमागूनच विचारलं, "कसा दिसतो?"

"केस गेलेत. वाळलाय. गुवाहाटीला बदली झालीय, परवा निघतोय."

"गाडी होती बरोबर?"

"नाही."

"रिक्षा मिळाली त्याला?"

"या उन्हात कुठली रिक्षा? चालतच गेला."

आजोबांनी पेपर खाली ठेवला आणि गॅलरीत गेले. आमच्या गॅलरीतून गेट दिसत नाही, रस्ताही दिसत नाही. समोरच्या ब्लॉकची पिवळी भिंत तेवढी दिसते. कठडा तापलेला होता. त्यावर दोन्ही हात ठेवून ते त्या भिंतीकडे बघत उभे राहिले. मी आत या म्हटलं, पाणी घ्या म्हटलं. ते आले नाहीत.